पदराच्या सावलीत दिसलेला झोका

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी तापीच्या काठावर घडलेली गोष्ट. साल नव्याण्णव, गाव शिरपूर तालुक्यातलं... ऊन असं की चप्पल काढली तर पाय भाजावा.

अमेरिकेतला धाकटा भाऊ सुटीला आला होता. जाताना त्याचा डिजिटल कॅमेरा माझ्याच गळ्यात घालून गेला. "दादा, तू अख्खा टीव्ही उघडून जोडतोस, तुला हे काय अवघड!" सोबत दोन जादा लेन्स होत्या, कॅमेऱ्याच्या तोंडाला आटे फिरवून बसवायच्या. एकीनं जास्त रुंद दिसायचं, दुसरीनं लांबचं मोठं दिसायचं.

माझं शिरपूरला रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान. शिक्षण बेताचं, पण पुस्तिकेतली चित्रं बघत, चुकतमाकत शिकलो. पेन्सिल सेल तर तो कॅमेरा फुटाण्यासारखे खायचा! शेजारचे नाना रोज विचारायचे, "रोल कोठे टाकस रे?" रोल नसतो म्हटलं की म्हणायचे, "मंग फोटो काय हवामा ऱ्हास?"

तर त्या दिवशी लांबची लेन्स लावून बघावी म्हणून काठावर निघालो. आई म्हणाली, मीपण येते, गोवऱ्या बघायच्यात. काठावर आमच्या गोवऱ्या नव्हत्याच... पण दर आखाजीला ती असं काहीतरी निमित्त काढून तिथं जायची, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

पलीकडच्या काठावर तिचं माहेर. आमच्याकडे आखाजी म्हणजे लेकीबाळींचा सण. सासरच्या पोरी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. आणि आई नदीच्या अलीकडे उभी राहून नुसती बघायची.

कारण काय, तर माझ्या बहिणीचं लग्न, लांब नवरदेवाच्या गावी. मामाची एसटी वाटेत बंद पडली, मुहूर्त टळायला आला, म्हणून वडिलांनी आईच्या चुलतभावाला मामा म्हणून नवरीमागे उभं केलं. मामा घामाघूम होऊन मांडवात पोचला तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. जेवला नाही, बोलला नाही, तसाच परत फिरला... तेव्हापासून त्यानं आखाजीचं बोलावणं धाडलं नाही, आणि न बोलावता आई जाईना.

मी कॅमेरा एका दगडावर टेकवला, श्वास धरला आणि मामाच्या घराच्या रोखानं फोटो काढला. उन्हात स्क्रीनवर काही म्हणता काही दिसेना. मग आईनं पदर सोडला आणि माझ्या डोक्यावरून, कॅमेऱ्यावरून धरला. त्या सावलीत आम्ही दोघं डोक्याला डोकं लावून बघू लागलो, लहानपणी तापात मला कुशीत घ्यायची तसे.

"हाऊ आपला निंब..." तिनं बोट ठेवलं. मी बटण दाबून फोटो मोठा केला. निंबाला झोका होता. रिकामा. खाली खाटेवर पांढऱ्या कपड्यातलं कुणीतरी बसलेलं.

आईनं पदर आणखी खाली ओढला. मग म्हणाली, "हाऊ झोका कोना शे? पोर ते एकबी नही तठे..."

खरंच की. मामाला दोन मुलगेच. सुना सणाला आपापल्या माहेरी गेलेल्या. त्या अंगणात झोका कुणासाठी बांधायचा?

"भाऊनी बांधेल शे रे," ती म्हणाली, आणि पदर डोळ्यांकडे गेला. स्क्रीन पुन्हा उन्हात पांढरी झाली...

संध्याकाळी वडिलांना सांगितलं. ते खाटेवरून म्हणाले, "जा घेऊन तिला. मीपण आलो असतो, पण तो मला त्याच झोक्याच्या दोरानं बांधून ठेवील!" आई रागावली, पण कितीतरी दिवसांनी हसून रागावली. सकाळी खापरावरचे मांडे फडक्यात बांधले आणि आम्ही नावेनं नदी ओलांडली.

मामा खाटेवरच होता. आईला बघून उठला, आणि पुढं यायचं सोडून आधी झोक्याची पाटी धोतराच्या सोग्यानं पुसली. म्हणाला, "उनी का वं बहीन... कवयनी वाट देखी ऱ्हायनू मी!" आई झोक्यावर बसली. म्हातारा मामा तिला हळूहळू झोके द्यायला लागला.

आता हा फोटो घ्यायचाच! पण कॅमेऱ्याला अजून ती लांबचीच लेन्स. इतक्या जवळून सगळं धूसर. काढायला गेलो, तर धुळीनं आटे असे गच्च बसलेले की निघता निघेना. मग मी मागं सरकत गेलो... अंगणाबाहेर, रस्त्यापलीकडे, पार शेजाऱ्याच्या गोठ्यापर्यंत. तिथून दोघं नीट चौकटीत मावली आणि मी फोटो घेतला.

फोटो छान आलाय. आईचं तोंड उघडं आहे, काहीतरी सांगतेय. मामानं दोर धरलाय आणि मान तिरपी करून ऐकतोय, हसतोय की रडतोय ते कळत नाही. मी परत अंगणात पोचलो तोवर दोघं गप्प झाली होती, आणि विचारायला मला तेव्हा संकोच वाटला.

आज दोघंही नाहीत. आखाजी आली की मी तो फोटो कॉम्प्युटरवर उघडतो, मोठा करतो, अजून मोठा करतो... आईच्या ओठांच्या जागी नुसते चौकोन उरतात.

एवढंच वाटतं, त्या दिवशी फोटो नसता मिळाला तरी चाललं असतं. मी झोक्याजवळच उभं राहायला हवं होतं.