मालक समोर हवा

"तुझा देव आहे ना, मग एकदा माझ्या दुकानात पाठव त्याला. त्याच्या दाराचं कुलूप गंजलंय."

"नास्तिका! जीभ झडेल तुझी!"

मी लग्न होऊन आले त्या आठवड्यातलं हे भांडण. पहिला आवाज माझ्या धाकट्या दिरांचा, दुसरा आमच्या ह्यांचा. भिंतीआड भांडी घासता घासता मी ऐकलं. पुढं वीस वर्षं तेच ऐकत आले, फक्त भांडी बदलली.

भाऊजी कुलपं दुरुस्त करायचे. लग्न केलं नाही. त्यांचं बोलणं रोज कोण ऐकून घेणार? मी चर्चला निघाले की म्हणायचे, "वहिनी, देवाला नमस्कार सांगा. घरी असला तर."

कामात मात्र एक नियम. मालक समोर उभा असल्याशिवाय कुलूप उघडायचं नाही. मग साहेब ओरडो नाहीतर सासू रडो.

पुढं देव न मानणाऱ्या पक्षाचं राज्य आलं. चर्चला टाळं लागलं. शाळेतले मास्तर पक्षाचे, त्यांनी पाद्रींचं नाव वर कळवलं. पाद्रींना गाडीत घालून नेलं ते नेलंच. मी भाऊजींना टोचलं, "आले ना तुमचे लोक?" तर म्हणाले, "देव मानत नाही म्हणून ह्यांना मानावं, असं कुठं लिहिलंय?"

एका रविवारी आमच्या लोकांनी मैदानात प्रार्थना केली. ओठांवरचं आमेन वाळलं नव्हतं, तोच हे घरी आले. "धाकट्याची हत्यारांची पिशवी दे. शाळेत काम निघालंय." मी मुकाट्यानं दिली. मग ह्यांचा चेहरा आठवला आणि मागोमाग धावले.

मास्तर शाळेच्या कोठीत आतून चावी फिरवून बसले होते. दार लोखंडी. बाहेर आमची पन्नासेक माणसं, मध्ये धरून आणलेले भाऊजी.

"उघड!"

"मालक कुठाय?"

"आत मेलाय!"

भाऊजींनी दाराला तोंड लावलं. "मास्तर, उघडू का?"

आतून किंचाळी आली, "नको! नको!"

"नको म्हणतोय," भाऊजी वळून म्हणाले.

एक सुतार पुढं आला. "देवाचा हुकूम आहे."

"मग त्याला आण. समोर उभा राहू दे."

लोकांनी भाऊजींचा उजवा हात पायरीवर दाबला. पिशवीतला हातोडा आमच्या ह्यांनी काढून दिला, मारला सुतारानं. ह्या दोघांत फरक किती, ते मी आजवर शोधतेय.

तेवढ्यात पक्षाची गाडी आली. गर्दी पांगली, पाच जण सापडले. त्यात हे आणि सुतार. अधिकाऱ्यानं भाऊजींना विचारलं, "कोणी केलं? बोट दाखव."

"बोटं मोडलीत," भाऊजी म्हणाले. "आणि माझं लक्ष कुलपाकडं होतं."

मास्तरांना असला संकोच नव्हता. बाहेर येऊन त्यांनी आवाजावरून दोघं ओळखले. दोघांना मुलांच्या वर्गाच्या भिंतीशी उभं करून गोळ्या घातल्या, त्यात सुतार गेला. मास्तर बघत उभे. आमचे हे तिथं एक अक्षर बोलले नव्हते, म्हणून जगले.

घरी येऊन म्हणाले, "देवानं वाचवलं."

मी ताट आपटलं. "देवानं? ज्यानं वाचवलं तो बाहेर बसलाय, हाताला फडकं बांधून. जा, त्याच्या पाया पडा!"

गेले नाहीत. मेले तोवर गेले नाहीत. मीही त्यांच्याशी पुढं मीठ-पाण्यापुरतंच बोलले. चर्च पुन्हा उघडलं तेव्हा जाऊ लागले, पण शेवटच्या बाकावर बसते. देवाशी माझं बरं आहे, त्याच्या माणसांचं तोंड बघवत नाही. आणि मास्तर रस्त्यात दिसले की थुंकते.

भाऊजी डाव्या हातानं कानस धरायला शिकले. कुलपाला दुप्पट वेळ लागायचा, शिव्याही दुप्पट.

भाऊजी वारले त्या दिवशी सकाळी अंगात ताप होता. सुताराच्या बायकोचं कुलूप तयार होतं. "उद्या द्या," मी म्हटलं. "तिनं दाराला दगड लावून रात्र काढायची का?" म्हणत निघाले. मी बरोबर गेले. त्यांनी कुलूप दाराला अडकवलं, चावी तिच्या हातात दिली. ती खाली बघत पुटपुटली, "देव तुमचं भलं करो."

"ते राहू दे," भाऊजी म्हणाले. "आधी तीनदा फिरवून बघ."