धाकट्याच्या आवाजाची पेटी

मी ग्रंथपाल होतो तेव्हा वाचनालयाची फाटकी पुस्तके सव्वीस वर्षे एकाच बाइंडरकडे जात असत. किल्ल्या करून देणाऱ्याच्या दुकानावर त्याची खोली होती. खिडकीखाली लांब मेज, मेजावर पुठ्ठ्याचा कटर, दाबाचे यंत्र आणि खळीचे पातेले. काम करणारी माणसे दोनच: तो आणि त्याचा धाकटा भाऊ. लग्न दोघांनीही केले नव्हते.

शिवण्यापूर्वी पुस्तकाचे फर्मे, म्हणजे सोळा-सोळा पानांच्या घड्या, क्रमाने आहेत की नाहीत हे तपासावे लागते. या दोघांची पद्धत ठरलेली होती. धाकटा आकडा पुकारी आणि थोरला त्या फर्म्यावर बोट ठेवून ‘आहे’ म्हणे. थोरल्याने एकट्याने मोजले की गफलत हमखास. एका इतिहासाच्या पुस्तकात त्याच्या कृपेने राजा आधी वारला आणि मागाहून जन्मला. वाचकाची ती तक्रार मी स्वतः नोंदवून घेतली होती.

पुढे धाकट्याच्या फुप्फुसांनी दगा दिला. कागदाची धूळ सोडा, असे डॉक्टरांनी बजावल्यावर तो दूरच्या गावी बहिणीकडे राहायला गेला. जाण्यापूर्वी त्याने पेन्सिल सेलवर चालणारा, स्पीकर असलेला एक लहानसा म्युझिक प्लेअर आणला आणि त्यात एक ते चाळीस आकडे आपल्या आवाजात भरून ठेवले. ‘अकरा. दादा, पाठ सरळ कर. बारा.’ तेविसानंतर तो म्हणे, ‘आता चहा घे, मी थांबतो.’ आणि खरोखरच थांबे. चार मिनिटे काही ऐकू येत नसे, फक्त मधूनच एखादा खोकला.

वर्षभराने तो बहिणीच्या घरीच वारला. आवाज तेवढा या यंत्रात उरला. तार जोडायची खाच आतून मोडलेली असल्यामुळे तो दुसरीकडे उतरवूनही घेता येत नव्हता, आणि मोबाइलवर टिपलेला आवाज थोरल्याला धाकट्याचा वाटत नसे.

अनेक वर्षांनी, मी निवृत्त झाल्यावर, एके दिवशी प्लेअर मेजावरून घसरून फरशीवर आपटला आणि दोन दिवस मुका राहिला. तिसऱ्या दिवशी सुरू झाला तसा बाइंडर माझ्या घरी आला.

“साहेब, याला कव्हर हवं. पुन्हा पडला तर संपलं.”

आम्ही मोबाइल-रेडिओच्या दुकानात गेलो. दुकानदारीण चष्मा कपाळावर सरकवून हसली.

“काका, हा तर माझ्या लग्नाच्याही आधीचा! नवा घ्या, हजार गाणी मावतात.”

“यात एकही गाणं नाही.”

“अगंबाई! मग आहे तरी काय?”

“आकडे.”

तिने माझ्याकडे पाहिले. मी छताचा पंखा न्याहाळू लागलो.

तिने रबराचे कव्हर पुढे केले. बाइंडरने त्याचे कोपरे चिमटीत धरले. “वस्तूला मार बसतो तो कोपऱ्यावर, आणि नेमकं इथंच हे पातळ.” मग घडीचे चामडी कव्हर आले. “ही घडी सहा महिन्यांत उलेल. आणि हे चामडं नव्हे, चामड्याचं चित्र आहे.” पारदर्शक प्लास्टिकचे त्याने हातातही घेतले नाही.

“एवढं कळतं तर स्वतःच का नाही करत?” ती फणकारली.

“करतो की,” तो शांतपणे म्हणाला.

नऊ दिवसांनी त्याने मला बोलावले. पेटी अप्रतिम होती. दुहेरी पुठ्ठा, कोपऱ्यांवर खरे चामडे, आत मखमल, आणि झाकण असे चपखल की फट शोधून सापडू नये. त्याने ती माझ्यासमोर मुद्दाम खाली सोडली. प्लेअर आत आहे या समजुतीने मी दोन्ही हात पुढे केले. आतून त्याने साबणाची वडी काढून दाखवली. टवकाही उडाला नव्हता.

मग त्याने प्लेअर सुरू करून आत ठेवला, झाकण लावले, आणि धाकटा दिसेनासा व्हावा तसा ऐकू येईनासा झाला. भिंतीपलीकडे कोणी पुटपुटावे एवढाच आवाज राहिला. दुर्मिळ पुस्तकांसाठी या माणसाने शेकडो पेट्या केल्या होत्या. धूळ, उजेड, हवा यांपैकी काहीही आत शिरता कामा नये एवढेच त्याला ठाऊक. आतून काही बाहेर यायचे असते, हे त्याच्या मापात कधी बसलेच नव्हते.

“काम करताना उघडी ठेव,” मी सुचवले.

“काम करतानाच पडतो तो, साहेब. हात खळीचे असतात.”

त्याने पेटी मांडीवर घेतली. मग त्याने प्लेअर बाहेर काढला, धारदार सुरी उचलली आणि पट्टी न लावता, पेन्सिलीची खूणही न करता, झाकणाला भोक पाडले. ते वाकडे झाले. मखमलीचे धागे बाहेर लोंबू लागले. त्याने तिकडे पाहिलेदेखील नाही. प्लेअर आत ठेवून त्याने झाकण लावले.

“सात,” धाकट्याचा आवाज खणखणीत आला.

बाइंडरने फर्म्यांचा गठ्ठा पुढे ओढला, आकडे पुन्हा पहिल्यापासून लावले, बोट पहिल्या फर्म्यावर टेकवले आणि माझ्याकडे पाहिले.

“साहेब, राग मानू नका, पण तुम्ही आता निघा. तिसरं माणूस असलं की आमचं मोजणं चुकतं.”

मी चपला घातल्या आणि दार ओढून घेतले.