फुईची कंबरमोडी आणि माझा हात

वच्छलाफुई ही माझ्या वडिलांची थोरली बहीण. साक्रीकडच्या आमच्या गावात कुणाला विळा लागो, कुणाचा पाय पत्र्याने कापो, सगळे धावायचे तिच्याकडे. बांधावरचा कंबरमोडीचा पाला ओरबाडायची, पाट्यावर वाटायची आणि जखमेवर थापायची. पैसा घ्यायची नाही, आभार मानले तर अंगावर यायची. हट्टी तर इतकी, की विचारू नका!

मी धुळ्याला कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम करते. गेल्या वर्षी सरांनी याच पाल्याचा अर्क तपासायला घेतला. काचेच्या ताटलीत जंतू वाढवले, मध्ये अर्काचा थेंब सोडला. दुसऱ्या दिवशी थेंबाभोवती जंतूंचा मागमूस नाही! मी हौसेने फोटो काढून फुईला दाखवला. कुठून बुद्धी झाली कोण जाणे.

दिवाळीनंतर फुईच्या पायाच्या अंगठ्याला काटा लागला. तिला शुगर आहे. अंगठा काळा पडायला लागला तरी बाई दवाखान्याचं नाव काढू देईना.

"तुन्हा ताटलीमा जंतू मरनात ना? मंग मन्हा पायमा का नही मरतीन?"

"अगं फुई, ताटलीला शुगर नसते! अंगठ्यापर्यंत रक्तच पोचत नाही, लेप काय करणार?" ऐकेल तर शपथ.

त्यात आमच्याकडची रीत अशी, की औषध देणाऱ्याने स्वतःच्या जखमेला स्वतः लेप लावायचा नाही, गुण येत नाही. तो दुसऱ्याने लावायचा. मी लावला तरच ती माझ्याबरोबर धुळ्याला, तेही माझ्या घरी, येणार होती. लावला, काय करते! ती आली, पण ताप चढला तेव्हा कुठे दवाखान्यात नेता आलं. पाऊल वाचलं, अंगठा गेला.

तिला गावी घरी आणल्यावर शेजारच्या प्रमिलाबाई भेटायला आल्या. त्यांनाही शुगर, आणि टाचेला फोड आलेला. त्यांनी विचारलं, "अक्का, तुमनं औषध तुमलेच लागनं नही?"

फुईने माझ्याकडे बोट केलं. "औषध चांगलंच शे. हिना हातले गुण नही."

असा संताप आला! रडूही आलं. रात्रंदिवस उशाशी बसले ती मी, आणि खोट माझ्या हातात! पण प्रमिलाबाईंना पटलं. आपण लेप सुनेकडून लावून घ्यायचा, तिच्या हाताला गुण आहे, असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवूनही टाकलं.

"काकू, उठा! आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला," मी ओरडले.

त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. फुईने आपला पट्टी बांधलेला पाय लांब केला आणि पाटा पुढे ओढला.