जर्मनचे पिस्टन

गुलाबभाऊ उजव्या हाताने चहा पीत नसत. बशी डाव्या हातात, तंबाखूला चुना डाव्या अंगठ्याने, आणि दोन्ही हात जोडून नमस्कार केला तरी उजवी तर्जनी जराशी बाजूला. काम नसलं की त्या बोटाला मलमलीची चिंधी गुंडाळलेली असे. देवळीच्या शाळेत इंग्रजी शिकवायला मी नवा नवा गेलो तेव्हा मला वाटलं, मशिनीत बोट सापडलं असेल. वर्ष उलटलं तरी चिंधी निघेना, म्हणून एकदा विचारलं.

“कापलं-बिपलं नाई, मास्तर. हे मोजमापाचं बोट हाये,” ते म्हणाले. “याले चटका बसला, चुना लागला, का याची अक्कल जाते.”

बसस्टँडच्या मागे टिनाच्या शेडमध्ये त्यांचं वर्कशॉप होतं. शेतातल्या पंपांची इंजिनं, जीप, ट्रॅक्टर, सगळं तिथे यायचं. इंजिनाचा सिलिंडर वापरून वापरून आतून झिजतो, गोल राहत नाही. तो आतून कापून पुन्हा गोल करायचा, म्हणजे बोर पाडायचा, आणि त्या वाढलेल्या भोकात मोठ्या मापाचा पिस्टन बसवायचा, हे त्यांचं काम. त्यांच्याकडे मायक्रोमीटर होता, चांगला होता. पण आधी ते चिंधी सोडत, डोळे मिटून सिलिंडरात बोट फिरवत, आकडा सांगत, आणि मग मायक्रोमीटर लावत. “खातरजमा,” असं म्हणत. खातरजमा बोटाची की मायक्रोमीटरची, हे त्यांनी कधी सांगितलं नाही.

तसा माणूस गोड नव्हता. घाई करणाऱ्या गिऱ्हाइकाला ते सरळ सांगत, “घाई हाये तं बैलबंडीनं जा. तिले बोर लागत नाई.” त्यांचा एक नियम होता आणि तो अख्ख्या तालुक्याला पाठ होता. “पयले पिस्टन, मंग बोर.” नवा पिस्टन हातात येऊन त्याचं माप घेतल्याशिवाय ते सिलिंडरला मशीन लावत नसत. डब्यावर काय छापलंय, दुकानदार काय म्हणतो, याला त्यांच्या लेखी किंमत नव्हती. ऐन पेरणीत एका ट्रॅक्टरवाल्याला त्यांनी पिस्टन येईपर्यंत तीन आठवडे बसवून ठेवलं होतं. तो शिव्या देऊन थकला तेव्हा गुलाबभाऊ शांतपणे म्हणाले, “भोक लहान राह्यलं तं मोठं करता येते. मोठं झालं तं कोनाच्या बापाच्यानं लहान होत नाई.”

सत्तरचं दशक सरत आलं होतं तेव्हा वर्ध्याच्या वकीलसाहेबांची गाडी त्यांच्याकडे आली. दोन सीटांची, लाल, टप नसलेली विलायती स्पोर्ट्स कार. कुण्या गोऱ्या साहेबाने जाताना विकलेली ती वकीलसाहेबांच्या वडिलांनी घेतली होती. आता ती धूर ओकत होती आणि अंगात हीव भरल्यासारखी थरथरत होती. वकीलसाहेबांच्या मुलाचं लग्न ठरलं होतं आणि वरात त्याच गाडीतून काढायची होती. वकीलसाहेब आमच्या शाळेच्या संचालक मंडळावर होते आणि मी अजून नोकरीत कायम झालो नव्हतो. हे आताच सांगून टाकतो. मागाहून सांगितलं तर सबब वाटेल.

गुलाबभाऊंनी इंजिन उघडलं. मधल्या काळात कुणीतरी त्यात बीडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, पिस्टन ठोकून दिले होते. नागपूरच्या दुकानात तसलेच नवे मिळत होते आणि वकीलसाहेबांचा जीव त्यांच्यावरच होता, कारण ते जन्मात झिजणार नाहीत असं दुकानदाराने सांगितलं होतं. गुलाबभाऊंनी वकीलसाहेबांच्या एका हातावर बीडाचा पिस्टन ठेवला, दुसऱ्या हातावर तेवढाच, पण हलका, पांढरट धातूचा.

“साहेब, याले मिनिटाले चार हजार खेपा वर-खाली पळाचं हाये. तुमी कोनता घेऊन पळसान?”

वकीलसाहेब हसले आणि त्यांनी पांढऱ्या पिस्टनचा हात वर केला.

“बस. बीडाचा पंपाले ठीक. हिले जर्मनचेच पाहिजे. पन जर्मन तापलं का फुगते, त्याले जागा द्या लागते. थे मी पाहतो.”

मग त्यांनी सिलिंडरमध्ये बोट फिरवलं, बाहेरून पान्याच्या दांड्याने टकटक करून कान लावला. चारही सिलिंडर ज्यात असतात तो इंजिनाचा ठोकळा आधी दोनदा कापला गेला होता. आत नवी नळी, स्लीव्ह, बसवायची म्हटली तर तिच्यासाठी आणखी कापावं लागणार, आणि भिंत तेवढी जाड उरली नव्हती. दुसरा ठोकळा हिंदुस्थानात मिळणं शक्य नव्हतं.

“आता एकच बोर राह्यला. चाळीस थाऊ. त्याच्यावर गेलं का भिंत पातळ, मंग भंगार,” असं म्हणून ते माझ्याकडे वळले. “मास्तर, मुंबईच्या व्यापाऱ्याले तुमी लिवा. चार नग, जर्मनचे, चाळीस थाऊ मोठे.”

आता माझं शहाणपण ऐका. माझं गाव वडनेर. आमच्या घरात वरण जर्मनच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, शिजायचं, आंघोळीचं पाणी जर्मनच्या बादलीत असायचं. जर्मन म्हणजे ॲल्युमिनियम, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण गंजाची गोष्ट वेगळी आणि विलायती मोटारीची वेगळी. मी एम.ए. होतो. मोटार आणि जर्मन असे दोन शब्द एकत्र आले आणि माझ्या डोक्यात थेट जर्मनी देश उभा राहिला. गुलाबभाऊंना जर्मनीच्या मालाची पारख आहे याचं मला कौतुकही वाटलं. थाऊ म्हणजे काय ते मला कळलं नव्हतं आणि विचारायची लाज वाटली. इंचाच्या हजाराव्या भागाला इंग्रजीत जो शब्द आहे, त्याचंच हे वर्कशॉपमधलं रूप. मी ते गावंढळ काहीतरी समजून गाळून टाकलं. झकास इंग्रजीत पत्र लिहिलं : जर्मन बनावटीचे पिस्टन, प्लस फॉर्टी. वकीलसाहेबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, “व्वा, भाषा सुंदर आहे.”

आठवड्याने व्यापाऱ्याची तार आली. जर्मन पिस्टन, प्लस फॉर्टी, रवाना. पार्सल मात्र कुठेतरी अडकलं. लग्नाला बारा दिवस उरले आणि वकीलसाहेबांनी मला बोलावून घेतलं. “तुमच्या त्या माणसाला जरा समजवा,” एवढंच म्हणाले. निघताना दारात माझ्या खांद्यावर हात ठेवून शाळेचं कसं काय चाललंय तेही विचारलं.

मी तार घेऊन वर्कशॉपमध्ये गेलो.

“पयले पिस्टन, मंग बोर,” गुलाबभाऊ मान वर न करता म्हणाले.

“गुलाबभाऊ, तार आली आहे. आणखी काय पाहिजे? माझ्यावर विश्वास नाही का?”

त्यांनी तार हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली. त्यांना मराठी जेमतेम वाचता येई, इंग्रजी नाही.

“जर्मनचेच हायेत ना?”

“तसंच लिहिलंय.”

“अन् चाळीस?”

“चाळीस.”

ते बराच वेळ बोटाची चिंधी सोडत आणि बांधत बसले. मग म्हणाले, “तुमी शिकलेले मानूस. तुमी म्हनता तं पाडतो.”

चार दिवस ते त्या ठोकळ्यावर होते. पाचव्या दिवशी त्यांनी मला बोलावून माझं बोट आत घालायला लावलं. मला त्यातलं काय कळणार, पण आतून तो काचेसारखा लागला, एवढं खरं. त्यांच्या चेहऱ्यावर मी त्या दिवशी पाहिलं तसं समाधान पुन्हा कधी पाहिलं नाही.

पार्सल आलं तेव्हा वकीलसाहेब दोन व्याह्यांना घेऊन गाडी दाखवायला आले होते. डबा उघडला. पिस्टन चांदीच्या भांड्यांसारखे चकचकीत. गुलाबभाऊंनी एक उचलला, तेल लावलं आणि सिलिंडरच्या तोंडाशी धरला. तो हाताच्या दाबाने हळूहळू आत सरकायला हवा होता. तो खडखडत गेला.

गुलाबभाऊंनी मायक्रोमीटर लावला, पुन्हा लावला, मग दुसरा पिस्टन घेतला, तिसरा, चौथा. तेव्हा मी डब्याचं झाकण पाहिलं. त्यावर स्वच्छ छापलं होतं : जर्मनीत तयार केलेले, वाढीव माप शून्य पूर्णांक चाळीस मिलिमीटर. इंचाच्या हजार भागांतले चाळीस आणि मिलिमीटरच्या शंभर भागांतले चाळीस यांच्यात दुपटीहून जास्त फरक. पत्रातून मी गाळलेला शब्द हाच होता.

“मास्तर,” गुलाबभाऊंनी विचारलं, “काय लिवलं हाये त्याच्यावर?”

वकीलसाहेब माझ्याकडे पाहत होते.

“कंपनीचं नाव आहे,” मी म्हणालो.

गुलाबभाऊ क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले. मग वकीलसाहेबांकडे वळून म्हणाले, “भोक म्या पाडलं, साहेब. पिस्टन यायच्या आंधी पाडलं. चूक माही हाये.”

वकीलसाहेब व्याह्यांसमोर जे बोलले ते इथे लिहीत नाही. पंप दुरुस्त करणाऱ्याच्या हाती विलायती चीज दिली, इथून त्यांची सुरुवात होती. मोठ्या मापाचे पिस्टन पुन्हा मागवायला लग्नापर्यंत वेळ नव्हता, म्हणून ठोकळा त्यांनी नागपूरला नेला. तिथल्या कारागिराने स्लीव्ह बसवायला घेतल्या आणि तिसरा सिलिंडर कापताना भिंत फुटून पाण्याची वाट उघडी पडली. वरात भाड्याच्या गाडीतून निघाली. लाल गाडी वकीलसाहेबांच्या आवारात विटांवर उभी राहिली ती कायमचीच. त्यांच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पक्षकाराला ती दाखवून देवळीच्या गुलाबची गोष्ट सांगितली जाई. वर्षभरात जीप आणि ट्रॅक्टर देवळीला यायचे बंद झाले. उरले पंप. त्यांना बोटाच्या मोजमापाची गरज नसते.

मी जूनमध्ये नोकरीत कायम झालो.

गुलाबभाऊ माझ्याशी पूर्वीसारखेच वागत. रस्त्यात भेटले की थांबत, चहा पाजत. दोन गोष्टी मात्र बदलल्या. बोटाची चिंधी गेली. एके दिवशी मी पाहिलं तर ते त्याच बोटाने तंबाखूत चुना मळत होते. आणि ते ‘अलमुनियम’ म्हणू लागले. अलमुनियमचा पिस्टन, अलमुनियमची बादली. शब्द जड जायचा, जीभ अडखळायची, तरी म्हणायचे. मी शिक्षकांच्या खोलीत त्यावर विनोदही केला होता, की गुलाबभाऊंचं इंग्रजी सुधारत चाललंय. सगळे हसले. मी इतका मठ्ठ होतो, की त्या बदलाचा माझ्याशी काही संबंध असेल हे मला सुचलंसुद्धा नाही.

आठ-नऊ वर्षांनी ते गेले. काविळीने गेले, पंधरा दिवसांत. वकीलसाहेब त्याआधीच वारले होते. तेरवी झाल्यावर मी गुलाबभाऊंच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नी, अनसूयावहिनी, चुलीपाशी बसल्या होत्या. त्यांनी आतल्या सुनेला हाक मारली, “तो अलमुनियमचा गंज दे वो इकडे.”

मी सहज म्हणालो, “वहिनी, तुम्हीसुद्धा अलमुनियम म्हणता? आपल्याकडे तर सगळे जर्मन म्हणतात.”

“आमच्या घरी नाई म्हनत,” त्या म्हणाल्या. “त्यायनं बंद केलं होतं. थे लाल गाडी बिघडली ना, त्याच्या दुसऱ्याच दिवशी पोस्टमास्तराकडून कायतरी वाचून आलते. आले अन् म्हने, आजपासून घरात जर्मन शब्द नोको. अन् मास्तर आले तं बिलकुल नोको. त्याले लागते, म्हने. काऊन लागते, थे मले कधी सांगतलं नाई.”

त्या उठल्या आणि कोनाड्यातून एक पुठ्ठ्याचा डबा घेऊन आल्या. आत सुया, गुंड्या, दोऱ्याची रिळं. झाकणाचे कोपरे फाटले होते, पण अक्षरं स्वच्छ होती.

“हाच वाचून आनला होता,” त्या म्हणाल्या आणि झाकण माझ्यापुढे धरलं. “काय लिवलं हाये, मास्तर, याच्यावर?”

या वेळी मी वाचलं. एकेक शब्द वाचला, त्याचा अर्थ सांगितला, आणि पत्रात मी काय लिहिलं होतं, झाकण पाहून काय बोललो होतो, तेही सांगितलं. वहिनी ऐकत होत्या. मध्ये एकदा त्यांनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

माझं बोलणं संपल्यावर त्यांनी सुया-गुंड्या नीट लावल्या, झाकण बसवलं आणि डबा मांडीवर घेतला.

“मंग तवाच वाचाचं होतं ना, मास्तर,” त्या म्हणाल्या.