खिडकीखालची खाट आणि ओला लसूण

लिही बाळा. माझ्या थोरल्या जाऊबाईंचं सांगते, तुझ्या आजोबांच्या वहिनीचं. तू नाही पाहिलंस त्यांना.

आमची खाणावळ होती, सासूबाईंनी काढलेली. कारखान्यातली माणसं दोन्ही वेळा जेवायला यायची. लसूण सासूबाई वर्षाचा एकदम घ्यायच्या, तोही ओला, शेतातून उपटलेला, मातीसकट. पोतीच्या पोती. आणि तो वाळवायचं काम जाऊबाईंच्या गळ्यात.

ओला लसूण म्हणजे तान्हं पोर गं. धुवायचा नाही, नुसती माती झटकायची. उन्हात टाकला तर पाकळ्या शिजल्यागत होतात, ढीग केला तर त्याला घाम सुटतो. सावलीत, वाऱ्याला, एकेक गड्डा सुटा पसरायचा नि रोज पालटायचा. पात वाळत आली पण अजून मोडत नाही, अशी झाली की वेण्या घालून टांगायचा. जाऊबाईंना मुलगी नव्हती. त्यांचे यजमान, माझे थोरले दीर, म्हणायचे, हिनं सगळी हौस लसणावर भागवली.

आता वारा कुठून आणायचा? आतल्या खोल्यांत खिडकी एकीलाच, आणि ती खोली जाऊबाईंची. मग दरवर्षी त्यांची खाट भिंतीला उभी लागायची. लसूण खिडकीखाली ऐसपैस लोळायचा, आणि जाऊबाई चुलीजवळ, भांड्यांच्या फळीखाली, पाय पोटाशी घेऊन. दीर ट्रकवर, कधी येतील पत्ता नाही. दिवसभर परक्यांची पोटं भरायची आणि वर झोप नाही. डोळे खोल गेलेले. माझ्याकडं या म्हणावं, तर आमच्या खोलीत पोरांमुळं पाय टाकायला जागा नाही.

एका वर्षी पोती आली आणि जाऊबाई खाटेवरून उठल्याच नाहीत. आजारी नव्हत्या. दमल्या होत्या. सासूबाईंनी दारातून विचारलं, लसूण कुठं टाकायचा? जाऊबाई कुशीवर वळल्या.

"कुठंही टाका, आई. मला या वाऱ्यात झोपायचंय."

सासूबाईंचा पारा चढला. हिच्यावाचून काय अडलंय म्हणाल्या, धान्य कोठीत वर्षभर राहतं, लसणाला काय शिंगं फुटलीत? सगळा लसूण पत्र्याच्या कोठ्यांत भरला, झाकणं गच्च लावली. मी म्हटलं, ओला आहे हो. तर मला म्हणाल्या, तू तुझ्या पोरांकडं बघ.

थोड्याच दिवसांत वास सुटला. जेवायला येणाऱ्या एका फिटरनं विचारलं, मावशी, उंदीर मेलाय का कुठं? सासूबाईंनी झाकण काढलं तर आत पाणी सुटलेलं, बुरशी, सगळं काळं. त्या तिथंच खाली बसल्या.

जाऊबाई उठून आल्या. वाटलं, आता ऐकवतील. त्यांनी पदर खोचला, कोठीत खांद्यापर्यंत हात घातला नि गड्डे चाचपत बसल्या. घट्ट होते ते बाजूला काढले. जेमतेम टोपलीभर निघाले. मग हात पुसत म्हणाल्या, "आई, घरात वाऱ्याची आणखी एक जागा आहे. तुम्हाला ठाऊक आहे."

ठाऊक सगळ्यांनाच होती. पुढचा व्हरांडा. दोन्हीकडून झुळूक. पण तिथं सासूबाईंची खाट. खाटेवरून कोण आलं, कोण गेलं, कुणी जेवून तोंड वाकडं केलं, सगळं दिसायचं त्यांना. त्या खाटेला हात कोण लावणार?

सासूबाई उठून व्हरांड्यात गेल्या, खाटेवरची वाकळ गुंडाळली. मग मला म्हणाल्या, "धर गं ती बाजू."

हंगाम अजून सरला नव्हता. नवी पोती आणली, व्हरांडाभर पसरली. सासूबाईंची खाट गेली खिडकीच्या खोलीत, जाऊबाईंच्या खाटेला लागून. निजायच्या वेळी मी पाण्याचा तांब्या ठेवायला गेले, तर सासूबाई टक्क जाग्या. हिचं घोरणं आहे का चक्की, म्हणाल्या. जाऊबाईंना त्याचं काही नव्हतं. तोंड उघडं टाकून, हातपाय पसरून झोपल्या होत्या.

मी वळले तशी सासूबाईंनी खुणेनं थांबवलं. हळूच म्हणाल्या, "दिवा घालव. आणि उद्या हिला हाक मारू नको. सकाळचं आपण दोघी बघू."