परसों भेटलेला गोलकी

मेल्याशिवाय आमच्या टीममध्ये कुणाला मोठं होता येत नव्हतं. हा नियम मास्तरांचा. मास्तर म्हणजे आमच्या गल्लीतले निवृत्त ड्रिल मास्तर, तरुणपणी माझ्या वडिलांच्या फुटबॉल टीममध्ये खेळलेले. दर रविवारी संध्याकाळी ते, वडील आणि शिंपी चाचा असे तिघं आमच्या ओट्यावर बसायचे आणि टीमच्या इतिहासातला सगळ्यात मोठा माणूस कोण, यावर भांडायचे. टीम तेव्हा शिल्लकसुद्धा नव्हती. तिच्यातले काही गेले, काही गुडघे धरून बसले आणि औरंगाबादच्या आमखास मैदानावर दुसरीच पोरं खेळायला लागली. भांडणाला मात्र त्यानं काही फरक पडला नव्हता.

मी तेव्हा मुलींच्या शाळेत मराठी शिकवत होते. फुटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं, पण चहा करून ओट्यावर न्यायचं काम माझ्याकडे असल्यामुळे त्या टीमचा सगळा इतिहास माझ्या कानांवर आपोआप साठत गेला. शुद्धीत असलेली, नातवंडं असलेली माणसं कुठल्यातरी जुन्या कॉर्नरवरून एकमेकांची अक्कल काढतात, हे पाहून मी प्रत्येक रविवारी नव्यानं थक्क व्हायचे.

नियमाचं झालं असं. खूप पूर्वी तिघांचं एका राइट आउटवर एकमत झालं होतं. सगळ्यात मोठा तोच, विषय संपला, म्हणून आईकडून शिरा करवून खाल्ला. आठच दिवसांत बातमी आली, की हा सगळ्यात मोठा माणूस छावणीच्या टीमला शिकवायला जातो. छावणी म्हणजे आमच्या टीमचे हाडवैरी. चाचांनी त्या दिवशी दुकानच उघडलं नाही. मास्तर म्हणाले, "जिवंत माणसाचा भरवसा नाही. यापुढं ज्याला मोठा म्हणायचं तो मरहूम पाहिजे." मास्तर सोवळ्यातले, पण निजामाच्या अमलात उर्दूत शिकलेले, कैलासवासी हा शब्द त्यांना अशा वेळी सुचायचा नाही.

तेव्हापासून फक्त मरहूम. मास्तर त्यांच्या कॅप्टनचं नाव घ्यायचे. चाचा अनवाणी खेळणाऱ्या एका सेंटर फॉरवर्डसाठी गळा काढायचे. आणि आमचे दादा, म्हणजे वडील, एका लेफ्ट हाफचं नाव घ्यायचे. या लेफ्ट हाफनं जन्मात एक गोल केला नव्हता, टायफॉइडनं लवकर गेला, आणि तो बरा खेळायचा असं खुद्द त्याच्या भावालाही वाटत नसे. दादांचं हे मत ऐकून चाचा कपाळाला हात लावायचे.

"पाटील, शरम कर," ते म्हणायचे. दादांकडे पाटीलकी नव्हती. फुलंब्रीकडचं शेत सोडून ते कचेरीत कारकून झालेले. पण चाचा त्यांना पाटीलच म्हणत. "तेरे दिल में कौन है, मेरेकू मालूम नै क्या?"

ते सगळ्यांनाच मालूम होतं. दादांच्या मनात गोलकी होता. गोलकीपरला आमच्याकडे गोलकी म्हणतात. दादा फुलबॅक, हा त्यांच्या पाठीमागे गोलात. मैदानावर पाठीला पाठ आणि बाहेर एका ताटात. पोलीस अ‍ॅक्शनच्या दिवसांत तो आणि त्याच्या घरचे एका सकाळी दाराला कुलूप लावून निघून गेले. कोण कुणाला भीत होतं आणि कशासाठी, हे त्या आठवड्यात कुणालाच धड सांगता आलं नसतं. नंतर कुणी म्हणालं कराची, कुणी म्हणालं हैदराबाद, कुणी म्हणालं वाटेतच संपले सगळे. पत्र आलं नाही. पाव शतक उलटून गेलं.

त्या टीममधला सगळ्यात मोठा माणूस गोलकीच, हे चाचा आणि मास्तर खासगीत कबूल करायचे आणि दादांनी त्याचं नाव घ्यावं म्हणून मागे लागायचे. पण नियमाप्रमाणे त्याचं नाव घ्यायचं म्हणजे तो मेला असं मान्य करायचं, आणि दादा ते करायला तयार नव्हते. तो जिवंत राहावा म्हणून हा माणूस दर रविवारी त्या बिचाऱ्या लेफ्ट हाफची बाजू घेऊन स्वतःचं हसं करून घ्यायचा. मला याचा राग यायचा आणि दादांची दयाही यायची.

मग चाचांच्या मुलीचं लग्न निघालं. व्याह्यांकडचे हैदराबादचे एक वयस्क पाहुणे आले होते, बोलघेवडे. रविवारी चाचांनी त्यांना ओट्यावर आणलं. बोलता बोलता गोलकीचा विषय निघाला, त्याच्या बापाचं नाव, त्याच्या डाव्या भुवईवरची खोक.

"अरे, उनो?" पाहुणे म्हणाले. "उनो तो परसों मिले थे ना मेरेकू. शाहअलीबंडे में. चाय पिलाए, बहुत बाताँ करे."

दादांच्या हातातली बशी तिरकी झाली आणि चहा पायजम्यावर सांडला. त्यांना तो भाजलासुद्धा नसावा.

"परसों?" त्यांनी विचारलं.

"हौ, परसों."

"तब्येत?"

"एकदम अच्छी."

मी दारात उभी होते. आनंद झाला, तो पहिल्या क्षणाला. दुसऱ्या क्षणाला तो शब्द टोचायला लागला. आमच्याकडची बोली ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगायला हवं, की दखनीत 'कल' म्हणजे काल, आणि कालच्या मागचं जे जे काही घडलं ते सगळं 'परसों'. परवाचं ते परसों, गेल्या दिवाळीचं ते परसों आणि निजामाच्या राज्यातलंही परसोंच. चाचा दुकानातली एक विटलेली शेरवानी दाखवून "परसों सिया मैं ये" म्हणायचे, आणि ती शेरवानी माझ्या जन्माच्या आधीची होती. या शब्दावरून आम्ही घरात किती हसलो असू.

पाहुण्यांना आणखी विचारेपर्यंत त्यांना न्यायला रिक्षा आली. जाता जाता त्यांनी शाहअलीबंडा मोहल्ल्यातली एक मशीद आणि तिच्याजवळचं पिठाच्या गिरणीचं वळण सांगितलं, तेवढंच.

ते गेल्यावर मी दादांना म्हणाले, "दादा, त्यांचं परसों म्हणजे आपलं परवा नव्हे. तुम्हीच मला सांगितलंय ना हे?"

"मला नको शिकवू, माय," दादा म्हणाले. "परसों म्हंजे परवा. डिक्शनरी काढून बघ."

मला धक्काच बसला. हा माणूस रोज उर्दू पेपर वाचायचा, माझं उर्दू चुकलं की भर बाजारात सुधारायचा, आणि दखनी तर बायकोशी भांडतानासुद्धा बोलायचा. तो मला डिक्शनरी दाखवत होता! मी आशेनं चाचांकडे पाहिलं. शेरवानीवाले चाचा. ते मान खाली घालून म्हणाले, "परसों बोले तो परसोंच हुआ ना, बेटी." मास्तर तर रेल्वेचं टायमटेबल आणायला केव्हाच उठले होते. तिघांनाही तो शब्द माझ्यापेक्षा चांगला ठाऊक होता, आणि तिघंही एका दमात तो विसरले.

दादांनी कचेरीत रजेचा अर्ज टाकला. ती मंजूर व्हायला दोन दिवस गेले, तेवढ्यानं ते कावून गेले. निघायच्या सकाळी चाचा नानचा भला मोठा पुडा घेऊन आले. नानबरोबरचा खलिया, म्हणजे मटणाचा रस्सा, काही गाडीत नेता येत नाही, पण इथल्या नानसाठी गोलकी जीव टाकायचा म्हणे. आईनं शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. दादांनी दाढी केली, मिशी कातरली आणि आरशात इतका वेळ पाहिलं की आईला हसू फुटलं. मी स्टेशनवर सोडायला गेले. खिडकीत बसलेले दादा मला ओळखू येत नव्हते, इतके खूश होते. मला मात्र वाटत होतं, हात धरून खाली ओढावं.

ते आले ते चार दिवसांनी. पिशवी आईच्या हातात दिली, आंघोळ केली, जेवले आणि कचेरीत गेले. संध्याकाळी मी विचारलं, "भेटले का?"

"रविवारी सांगतो," एवढंच म्हणाले.

त्यांचा चेहरा पाहून काही अंदाज करता येत नव्हता. दुःख असेल तर ते दिसेल असं मला वाटत होतं, आणि ते दिसत नव्हतं. म्हणून मी स्वतःचीच समजूत घातली, की भेटले असतील, दोघं रुसले-फुगले असतील, म्हाताऱ्या माणसांचं काय सांगावं.

रविवारी चाचा आणि मास्तर वेळेच्या आधीच हजर. मी ट्रे घेऊन बाहेर आले तेव्हा चाचा विचारत होते, "मिला क्या? बोल ना, मिला क्या?"

"आधी रोजचं काम करू," दादा म्हणाले. "सगळ्यात मोठा माणूस ठरवू. आज माझं मत बदललंय."

मास्तर हसले. "चला, त्या लेफ्ट हाफची सुटका झाली. कोण मग?"

"गोलकी," दादा म्हणाले.

ट्रे माझ्या हातात तसाच राहिला. नियम सगळ्यांना पाठ होता, त्यामुळे त्या एका शब्दात हैदराबादची सगळी हकीकत आली होती.

मग चाचा ताडकन उठले. मला वाटलं, दादांना मिठी मारतील. ते ओरडायलाच लागले.

"वो कायका गोलकी! उसकू गेंद पकडना आता था क्या? छावनी के मैच में टाँगों के बीच में से गोल छोडा, भूल गया तू? नक्को! मेरेकू मंजूर नै. निकाल उसका नाम!"

"मलाही मान्य नाही," मास्तर म्हणाले. "अजिबात मान्य नाही. उंचीसुद्धा कमी होती त्याची."

गोलकीचं नाव घे म्हणून वर्षानुवर्षं दादांच्या मागे लागलेली ही माणसं. आता त्यांना ते नाव नको होतं. तो वाईट खेळायचा असं ठरलं, तर त्याला यादीत घ्यायला नको, आणि यादीत नाही तर तो मेला नाही, असा त्यांचा हिशेब होता. आणि खरं सांगते, त्या घटकेला मलाही तो बरोबर वाटला. मी देवाला म्हटलं, चाचा जिंकू देत.

"बसा," दादा म्हणाले. "बसा, सांगतो."

चाचा बसले नाहीत. दादांनी सांगायला सुरुवात केली.

"घर सापडलं. दारावर पडदा. मी नाव सांगितलं, औरंगाबादहून आलो म्हणलं. आतून बाईमाणसाचा आवाज आला, 'उनो तो परसों गुजर गये.' मी उंबऱ्यावरच बसलो बघा. मांडीवर नानचा पुडा. म्हणलं, दोन दिसांनी हुकलो. रजेच्या अर्जापायी हुकलो. तसाच निघालो असतो तर तोंड तरी दिसलं असतं. लई रडलो. परक्या बाईच्या दारात बसून लई रडलो."

मास्तरांनी चष्मा काढला.

"तेवढ्यात त्याची पोरगी आली. कॉलेजातून, हातात पुस्तकं. आपल्या या पोरीपेक्षा जराशी लहान. मी कोण ते आईनं आतून सांगितलं. पोरगी माझ्यासमोर खाली बसली अन् म्हणली, 'अब्बा की सूरत बी मेरेकू याद नै. मैं गोद में थी.' तवा मला कळलं, कुठलं परसों ते."

त्या एका शब्दानं माझ्या बापाला दोनदा फसवलं होतं.

"मग ती विचारती, 'लोगाँ बोलते, अब्बा गेंद खेलते थे. कैसा खेलते थे?' त्या घरात कुणीच त्याला खेळताना बघितलं नव्हतं. बायको नंतरची, पोरगी अशी. आता तिला काय सांगायचं? लेफ्ट हाफ मोठा होता म्हणू? म्हणलं, बेटी, आमच्या टीममधला सगळ्यात मोठा माणूस म्हंजे तुझा बाप. मी त्याच्या पुढं उभा राहायचो. मागून तो 'छोड' म्हणला की मी पाय काढून घ्यायचो, वळून कधी बघितलं नाय. बघायचं कामच नव्हतं. दिवस मावळेपर्यंत सांगत बसलो. ती म्हणली, 'सब से बडे?' म्हणलं, व्हय, सगळ्यात मोठे. तिथं बोलून आलो, आता हितं नाय कसं म्हणू?"

चाचा अजून उभेच होते.

"छावनी के मैच का गोल बी बोला क्या उसकू?" त्यांनी विचारलं.

"नाय," दादा म्हणाले.

"अच्छा किया," चाचा म्हणाले, आणि खाली बसून, तोंडाला रुमाल लावून, लहान पोरासारखे रडायला लागले.