काळी फळी, नग एक

भाईंदरच्या खाडीलगत मिठागरे असलेल्या एका कंपनीच्या कचेरीत रामनाथ भोईर यांनी एकोणीस वर्षे वजन-कारकून म्हणून काढली आणि तेवढ्या काळात त्यांनी एकूण चाळीस तक्रारअर्ज केले. खुर्चीच्या फाटक्या वेताबद्दल चार, माठातल्या खारट पाण्याबद्दल सहा, बढतीबद्दल अकरा, आणि उरलेले अशाच किरकोळ, पण न्याय्य बाबींबद्दल. त्यांपैकी एकाही अर्जाचा काहीही उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो एका नोंदीचा; आणि ती नोंद अर्ज नव्हतीच.

रामनाथ मूळचे शेजारच्याच मुर्धे गावचे. ज्या मिठागरावर त्यांची कचेरी उभी होती, त्यातले काही वाफे एके काळी त्यांच्या आज्याच्या मालकीचे होते. ते कंपनीकडे कसे गेले, हा स्वतंत्र अर्जाचा विषय होता आणि तसा अर्ज त्यांनी केलाही होता. घराण्यात मॅट्रिक झालेले ते पहिलेच. आजा नि बाप आयुष्यभर उघड्या पायांनी मिठात उभे राहिले. रामनाथ खुर्चीवर बसले. वर्ण मात्र तिघांचा एकच होता, लख्ख काळा. त्यात उन्हाचा हात नव्हता, कारण ऊन रामनाथांच्या खुर्चीपर्यंत कधी आलेच नव्हते.

सदुसष्ट सालच्या दिवाळीनंतर कचेरीला नवे मॅनेजर आले. ते बारा वर्षे आफ्रिकेत, मोम्बासा बंदरावर, एका व्यापारी पेढीत होते. तिथला कारभार आवरून ते दादरला परतले आणि तिथून रोज भाईंदरला येऊ लागले. रंगाने गोरे, अंगाने भरलेले, बोलण्याला मोकळे. इतके मोकळे, की समोरच्याला काही लागेल का, हा विचार त्यांच्या बोलण्याच्या वाटेत कधी आडवा आला नाही. मिठागरावरची माणसे त्यांना आपापसात ‘मोम्बासासाहेब’ म्हणत.

मीठ विकत घ्यायला देशावरचे व्यापारी आले, की त्यांना नमुना दाखवण्याची एक रीत होती. सागवानी फळीला काळा रंग दिलेला असे. तिच्यावर मूठभर मीठ पसरायचे. काळ्यावर मिठाचा पांढरेपणा उठून दिसतो, दाणा मोजता येतो, माती असली तर तीही कळते. मोम्बासासाहेबांच्या पहिल्याच हंगामात नाशिककडचे दोन व्यापारी आले. शिपाई धाकू फळी आणायला वळला, तोच साहेब म्हणाले, “फळी कशाला? मोम्बासाला असतो तर नुसतं म्हटलं असतं, ‘बॉय, हात पुढे कर.’ इथंही सोय आहेच की. रामनाथ, हात दे रे जरा.”

रामनाथांना आधी कळलेच नाही. कळेपर्यंत साहेबांनी त्यांचे डावे मनगट धरून टेबलावर आणले होते, अर्धबाहीखालचा हात उताणा नव्हे तर पालथा ठेवला होता आणि त्यावर मीठ ओतले होते.

“वा,” एक व्यापारी म्हणाला, “माल फारच पांढरा दिसतो.”

“दिसणारच,” साहेब म्हणाले. “मागे हबशी आहे ना.”

सगळे हसले. धाकूही हसला; तो रत्नागिरीचा होता, स्वतः फारसा उजळ नव्हता, पण साहेब हसले की हसायचे हे त्याच्या नोकरीतच धरलेले होते. रामनाथ हसले नाहीत. ते हिशेबाने बोलणारे गृहस्थ होते आणि अशा वेळी काय बोलावे याचा मसुदा त्यांच्यापाशी तयार नव्हता.

त्यानंतर ती कचेरीची पद्धतच झाली. व्यापारी आले, की हात. नवा व्यापारी असला, तर हबशाचा विनोद पहिल्यापासून. जुना असला, तर नुसता हात, कारण विनोद त्याला पाठ असे. मिठागरावरच्या मजुरांपर्यंत ही बातमी पोचायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी वाफ्यावरून कोणीतरी साद घातली, “ओ फळीमास्तर, रास मोजायला येताव का?” इतकी वर्षे ज्या माणसाला सगळे ‘कारकूनभाऊ’ म्हणत होते, त्याचा असा फळीमास्तर झाला.

रामनाथांनी रीतसर मार्ग धरला. तीन पानी अर्ज लिहिला. ‘सदर कर्मचाऱ्याच्या शरीराचा कार्यालयीन साधन म्हणून वापर’ असा विषय, खाली सात मुद्दे. अर्ज फोर्टमधल्या मुख्य कचेरीला होता, परंतु कंपनीच्या नियमाप्रमाणे कोणताही अर्ज मॅनेजरमार्फतच वर जात असे. म्हणजे मॅनेजरविरुद्धची तक्रार मॅनेजरच्याच हातात नेऊन द्यायची होती. रामनाथांनी नेऊन दिली. नियम तो नियम.

साहेबांनी तिन्ही पाने नीट वाचली. मग कोपऱ्यात शेरा लिहिला, ‘भाषा चांगली आहे. फाइल.’

“रामनाथ, एवढं काय त्यात? अरे, नैरोबीला एका क्लबच्या दारातून मला परत पाठवलं होतं. गोऱ्यांसाठीच आहे म्हणाले. सूट घातला होता मी. तेव्हा मी काय अर्ज करत बसलो?”

“करायला हवा होता, साहेब,” रामनाथ म्हणाले.

साहेबांनी पुढची फाइल ओढली.

मग रामनाथांनी पूर्ण बाह्यांचे सदरे शिवून घेतले. तीन सदरे, मनगटाला दोन-दोन गुंड्या. भाईंदरच्या मे महिन्यात, मिठावरून येणाऱ्या झळांत, बंद बाह्यांनी बसणारा माणूस म्हणजे काय असतो, ते बसल्याशिवाय कळत नाही. त्या सदऱ्यांचा उपयोग पहिल्या व्यापाऱ्यापर्यंत झाला. “बाही वर कर रे,” एवढेच साहेब म्हणाले.

घरी बायकोला, शेवंतीला, हा सगळा प्रकार उशिरा समजला, आणि तोही बाजारात. ती मिठागरवाल्यांची लेक. तिला अर्जांचे कौतुक नव्हते.

“हात तुमचा हाय ना?” तिने भाकरी थापता थापता विचारले.

“माझाच.”

“मंग देताव कशाला?”

“नोकरी आहे.”

“नोकरी खुर्चीची हाय. हाताची न्हाय.”

रामनाथ यावर पाणी प्यायले. तिचे वाक्य कागदावर असते तर त्यांनी त्याला क्रमांक दिला असता. पण त्यांना घायाळ केले ते शालूने. शालू त्यांची धाकटी, आठ वर्षांची, वर्णाने बापाचीच. तिने आपला इवलासा हात त्यांच्या हाताशेजारी ठेवला, दोन्हींकडे बारकाईने पाहिले आणि समाधानाने म्हणाली, “बाबा, मी मोठी झाले ना, की माझापण हात चालेल फळीला.”

तिला ते मोठे काम वाटत होते. बाप कचेरीत करतो ते काम मोठेच असणार. त्या दिवशी रामनाथांनी मनाशी पक्के केले, की नोकरी राहो वा जावो, हात परत घ्यायचा. कसा, ते मात्र त्यांना ठाऊक नव्हते.

पुढच्या वर्षीचा मार्च महिना आला. मार्चअखेर मुख्य कचेरीतून तपासनीस येत आणि जडवस्तूंची नोंदवही पडताळत. कचेरीतले टेबल, खुर्च्या, घड्याळ, तराजू, अगदी दौतीचे झाकणसुद्धा या वहीत नोंदलेले असे आणि प्रत्येक वस्तू डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तपासनीस तिच्यापुढे खूण करत नसत. वही लिहिण्याचे काम रामनाथांचे होते. एकेक वस्तू तपासत ते तेविसाव्या ओळीवर आले. ‘काळी फळी, सागवानी, नग एक.’

“धाकू, फळी कुठे आहे?”

धाकूने मान खाजवली. “ती होय? रामनाथभाऊ, ती दीड वर्स पडूनच होती वो. चिरली होती. मी आपली चहाच्या चुलीत घातली. चांगली पेटली पण.”

रामनाथ वही घेऊन साहेबांपुढे उभे राहिले. खोलीत त्या वेळी रेल्वेच्या वॅगनमध्ये मीठ भरून घेणारा मुकादम बसला होता.

“साहेब, अनुक्रमांक तेवीस. काळी फळी अस्तित्वात नाही. काय लिहू?”

साहेब वर्तमानपत्रातून बाहेर आले नाहीत. “लिही, फळी मोडली. तिच्या जागी रामनाथचा हात. त्यापेक्षा काळी फळी कंपनीला मिळायची नाही.”

मुकादम खो खो हसला.

“तसंच लिहू?”

“तसंच लिही.”

रामनाथ आपल्या खुर्चीवर आले. त्यांनी टाक स्वच्छ केला, टिपकागद जवळ घेतला आणि आयुष्यातल्या सर्वोत्तम अक्षरात, वरिष्ठांच्या आदेशाचे तंतोतंत पालन करीत, तेविसावी ओळ लिहिली: ‘काळी फळी, सागवानी, नग एक. मोडीत. तिच्याऐवजी: हात, डावा, काळा, कोपर ते मनगट, नग एक. श्री. रा. के. भोईर, वजन-कारकून, यांजकडून. मॅनेजरसाहेबांच्या तोंडी आदेशानुसार.’ संध्याकाळी सह्यांच्या गठ्ठ्यात वही गेली. साहेबांनी बावीस पानांवर बावीस सह्या केल्या. वाचून सही करणारा अधिकारी रामनाथांनी एकोणीस वर्षांत पाहिला नव्हता. त्याबद्दलही त्यांचा एक अर्ज होता. या वेळी त्यांनी तक्रार केली नाही.

तपासनीस महिपतराव सकाळच्या गाडीने आले. वाळकेसे, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हातात लाल पेन्सिल. हे गृहस्थ एकदा हरवलेल्या एका कुलपासाठी दोन तास ओणवे हिंडले होते, अशी त्यांची ख्याती. त्यांनी साहेबांचा चहा नाकारला आणि वही उघडली.

“घड्याळ, भिंतीवरचं, नग एक.” धाकूने बोट दाखवले. खूण. “तराजू, पितळी, नग दोन.” खूण. असे करता करता ते तेविसाव्या ओळीवर आले, एकदा मनात वाचले, चष्मा पुसला आणि मग मोठ्याने वाचले. आवाजात तसूभरही फरक नव्हता.

“वस्तू दाखवा,” ते म्हणाले.

रामनाथांनी मनगटाच्या दोन्ही गुंड्या काढल्या, बाही दुमडली आणि हात टेबलावर ठेवला. या खेपेस तो कोणी धरून ठेवला नव्हता.

महिपतरावांनी हाताकडे पाहिले. “स्थिती?”

“चालू.”

“कंपनीकडे कशी आली? खरेदी की देणगी?”

“दोन्ही नाही,” रामनाथ म्हणाले. “घेतली.”

साहेब हसले, पण ते हसणे खोलीत एकटेच राहिले. धाकूसुद्धा या वेळी छताकडे पाहत होता. “महिपतराव, गंमत केलीय हो त्याने.”

“वहीत?”

“म्हणजे गंमत मी केली होती. याने लिहून ठेवली.”

“खाली सही आपलीच आहे.”

“मी वाचली नव्हती.”

“मग तसं लिहून द्या, की न वाचता सही केली. नाहीतर वाचून केली, असं द्या. माझं काम दोन्हींपैकी कशानेही भागेल.”

साहेबांचा गोरा चेहरा कानापर्यंत लाल झाला. तिथे काळी फळी असती तर तो लाल रंग तिच्यावरही उठून दिसला असता.

“ओळ खोडून टाकू,” शेवटी साहेब म्हणाले.

“जडवस्तूंच्या वहीत खाडाखोड चालत नाही. वस्तू परत केल्याचं दाखवता येतं. कोणाला, कोणत्या तारखेला, कोणत्या स्थितीत. आपल्या अक्षरात.”

मग साहेबांनी टाक घेतला. ज्यांनी दीड वर्ष तो हात नुसत्या शब्दावर वापरला, त्यांना तो परत करायला अडीच ओळी लागल्या. ‘हात, डावा, संबंधित कर्मचाऱ्यास परत. स्थिती चांगली.’ तारीख. सही. महिपतरावांनी वही रामनाथांकडे वळवली. “मिळाल्याची सही करा.”

डावा हात टेबलावर तसाच ठेवून रामनाथांनी उजव्या हाताने सही केली. मग विचारले, “परत करण्याचं कारण कुठे लिहायचं?”

महिपतरावांनी रकाने पाहिले. त्यांना खरोखरच वाईट वाटल्यासारखे दिसले. “कारणाचा रकाना नाही,” ते म्हणाले आणि खूण करून पुढे वळले. “माठ, मातीचा, नग एक.”

हे नमूद केले पाहिजे, की साहेबांनी रामनाथांची माफी मागितली नाही. त्या दिवशी नाही आणि पुढे सहा वर्षे, निवृत्त होईपर्यंत, नाही. बढतीचा पुढे केलेला बारावा अर्जही त्यांनी फाइलच केला. मजुरांच्या तोंडून ‘फळीमास्तर’ जायलाही आणखी एक हंगाम लागला. मात्र नवी काळी फळी आठ दिवसांत आली. कंपनीच्या इतिहासात कोणतीही मागणी इतक्या लवकर पुरी झालेली नाही.

मे महिन्यात नाशिकचे ते दोघे व्यापारी पुन्हा आले. धाकूने फळी मांडली, मीठ पसरले. त्यातला एक इकडेतिकडे पाहत म्हणाला, “काय साहेब, हात कुठं गेला तुमचा?”

“तो आपल्या वहीत नाही आता,” साहेब म्हणाले आणि घाईने मिठाचा भाव सांगू लागले.

रामनाथ त्यांच्या समोरच टेबलाशी बसले होते. धाकू फळी उचलून परत जाताना त्यांच्यापाशी थबकला.

“काय रामनाथभाऊ, आज हाफ बाही?”

“उकडतंय,” रामनाथ म्हणाले, आणि दोन्ही हात टेबलावर पसरून त्यांनी वजनाची वही उघडली.